अमेरिकन शेजारी विचारतात : कॅनडाला कसे जायचे?

गिरणगावची लेक — ९ नोव्हेंबर २०२५

गेली एकोणीस वर्षे मी न्यू हॅम्पशायरमधल्या नाशुआ गावात राहते आहे. शेजारच्या घरात एक निवृत्त दांपत्य राहते. बाई सरकारी शाळेत ग्रंथपाल होत्या आणि त्यांचे यजमान वीज कंपनीत लाइनमन होते. आम्ही इथे नवीन असताना पहिल्या हिमवादळाच्या सकाळी आमच्या दारातला बर्फ त्यांनी न सांगता उपसून ठेवला होता. माझ्या बाळंतपणात आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा बाई पंधरा दिवस रोज संध्याकाळी येऊन बाळाला मांडीवर घेऊन बसत. माझी मुले त्यांना आजी-आजोबाच म्हणतात, म्हणून इथेही मी तसाच उल्लेख करते.

गेल्या महिन्यात दोघे चहाला आले ते एक फाइल घेऊनच. आजींनी ती टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "तू एकदा देश सोडला आहेस. कसा सोडतात ते आम्हाला सांग."

या प्रश्नाने मी गडबडले. मी निघाले तेव्हा हातात नोकरीचे पत्र होते, दोन बॅगा होत्या आणि लालबागची आमची अख्खी चाळ टॅक्सीपर्यंत पोचवायला खाली उतरली होती. देशावर नाराज होऊन मी निघाले नव्हते, आणि परतीचा रस्ता कायम खुला आहे हे गृहीतच धरले होते. या दोघांचे तसे नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये संसदभवनावर जमाव चालून गेला ते त्यांनी याच गावात, याच दिवाणखान्यात बसून पाहिले. त्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार जणांना २० जानेवारी २०२५ रोजी, सत्ताबदलाच्या पहिल्याच दिवशी, राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. आजोबांचा पुतण्या पोलिसात आहे. त्या रात्री आजोबा जेवले नाहीत, आणि "हा देश आता आमचा वाटत नाही" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

त्यांचा समज असा होता की कॅनडा तीन तासांवर आहे, भाषा तीच आहे, तेव्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवावे तितकेच ते सोपे असेल. मी त्यांच्याबरोबर बसून कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर गुण मोजून पाहिले. एक्सप्रेस एंट्री म्हणजे कायम रहिवासी होण्यासाठी गुणांवर चालणारी निवडपद्धत. तिच्या गुणपत्रकात विशीतल्या अर्जदाराला वयाचे सर्वाधिक गुण मिळतात, तिशीपासून ते घटू लागतात आणि पंचेचाळीसपासून शून्य होतात. आजी सत्तर वर्षांच्या आहेत आणि आजोबा बहात्तर. पडद्यावरचा शून्याचा आकडा आजी बराच वेळ पाहत राहिल्या. चाळीस वर्षे कर भरलेल्या, मुलांच्या दोन पिढ्यांना वाचायला शिकवलेल्या बाईला दुसऱ्या देशाच्या तराजूत काही वजन नाही, हे मला त्यांच्या शेजारी बसून पाहवले नाही.

गेल्या रविवारी आम्ही चौघे व्हरमाँटमधल्या डर्बी लाइनला जाऊन आलो. तिथले १९०४ सालचे हॅस्केल ग्रंथालय मुद्दाम सीमारेषेवर बांधलेले आहे, आणि वाचनकक्षाच्या जमिनीवर एक काळी पट्टी आहे, जिच्या अलीकडे अमेरिका आणि पलीकडे क्वेबेक. आजी नोकरीत असताना शाळेच्या मुलांना तिथे घेऊन जात. पलीकडच्या गावातले लोक पिढ्यान्पिढ्या सीमा ओलांडून मुख्य दाराने आत येत असत. यंदा अमेरिकेने त्यावर निर्बंध घातले. परतताना गाडीत कोणीच फारसे बोलले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. या वयाच्या, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अमेरिकन नागरिकांना खरोखर कोणता मार्ग मोकळा आहे? आणि राजकारणाला कंटाळून जे खरोखर गेले, त्यांचे पुढे काय झाले? कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी कृपया अनुभवाने सांगावे.

विंडसरकर — १० नोव्हेंबर २०२५

ताई, मी चौदा वर्षांपासून ओंटारिओतल्या विंडसरला आहे. आमच्या गॅलरीतून नदीपलीकडे डेट्रॉइटच्या इमारती दिसतात आणि आमच्या गावातल्या कित्येक परिचारिका रोज सकाळी पूल किंवा बोगदा ओलांडून तिकडच्या रुग्णालयांत कामाला जातात. त्यामुळे दोन्हीकडचे जगणे आम्ही रोज शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

निवृत्त माणसासाठी कॅनडाचा वेगळा व्हिसा नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. अमेरिकन नागरिक पर्यटक म्हणून व्हिसाशिवाय येऊन साधारणपणे सहा महिने राहू शकतो, पण तो पाहुणाच राहतो. घर विकत घ्यायचे म्हटले तर १ जानेवारी २०२३ पासून परदेशी नागरिकांना शहरी भागांत निवासी मालमत्ता घेण्यास बंदी आहे आणि तिची मुदत १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवलेली आहे. शिवाय कॅनडाने कायम रहिवाशांची संख्याच कमी करायला घेतली आहे. २०२५ साली पाच लाखांचे उद्दिष्ट होते, ते ३,९५,००० वर आणले गेले आणि नव्या आराखड्यात २०२६ साठी ३,८०,००० धरले आहेत.

आता आरोग्याविषयी, कारण अमेरिकन माणसाला कॅनडाची ओढ वाटते त्यात या गोष्टीचा वाटा मोठा असतो. इथे डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात गेल्यावर बिल येत नाही हे खरे आहे, आणि माझ्या वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर आम्ही केवळ पार्किंगचे पैसे भरून घरी आलो, हे मी कधी विसरणार नाही. पण ही व्यवस्था प्रांतांच्या हाती आहे, ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे, आणि पाहुण्याला तिचा लाभ नाही. नवीन आलेल्या माणसाला स्वतःचा फॅमिली डॉक्टर मिळायला कित्येकदा वर्षे लागतात. गुडघा बदलायचा असेल तर थांबण्याची तयारी ठेवावी लागते. तुमच्या आजी-आजोबांचे अमेरिकन मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सीमेच्या अलीकडे जवळजवळ काहीच भरून देत नाही. मात्र सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचे पैसे इथे राहूनही मिळतात.

करांचा मुद्दा बहुतेकांना उशिरा कळतो. अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही राहत असला तरी विवरणपत्र मागते. परदेशी खात्यांत मिळून दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम झाली की त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. कॅनडात करमुक्त असलेले बचत खातेही अमेरिकेच्या लेखी करमुक्त नसते. घर हलवले तरी हे नाते सुटत नाही.

लोकांच्या मनाबद्दलही लिहितो. कॅनडा हे अमेरिकेचे "एक्कावन्नावे राज्य" व्हावे ही भाषा सुरू झाली आणि पाठोपाठ आयातशुल्क आले, तेव्हा इथले शांत लोक दुखावले गेले. मार्च २०२५ मध्ये ओंटारिओच्या सरकारी दुकानांतून अमेरिकन मद्य काढून टाकले गेले. किराणा दुकानात आजही फळीवर मेपलच्या पानाचे चिन्ह पाहून माल उचलणारी माणसे मला रोज दिसतात. तरीही मिशिगनहून आलेल्या माणसाशी कोणी वाईट वागल्याचे मी पाहिलेले नाही. राग सरकारवर आहे आणि तो तिथेच ठेवण्याची जाण लोकांना आहे.

हिरवे कार्ड — १० नोव्हेंबर २०२५

मूळ विषय अमेरिकन नागरिकांचा आहे याची जाणीव आहे, तरी एकच विचारतो. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. कॅनडात काम करण्यासाठी नागरिकांना मिळणारी सवलत आम्हाला मिळते का?

विंडसरकर — ११ नोव्हेंबर २०२५

नाही. उत्तर अमेरिकेच्या व्यापार करारानुसार सुमारे साठ व्यवसायांतल्या लोकांना कॅनडातल्या नोकरीचे पत्र हाती असल्यास थेट सीमेवर कामाचा परवाना मिळू शकतो, पण ही सोय फक्त अमेरिकन आणि मेक्सिकन नागरिकांना आहे. ताईंच्या शेजाऱ्यांना मुले असतील आणि ती नोकरीच्या वयाची असतील, तर त्यांच्यासाठी मात्र हा खरा मार्ग आहे. तुम्ही ग्रीन कार्डावर असताना इथे कायमचे राहायला आलात तर ते कार्डच धोक्यात येईल, हेही लक्षात असू द्या.

जुनी पाने — १३ नोव्हेंबर २०२५

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

ही वाट अमेरिकेइतकीच जुनी आहे. स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेले चाळीस-पन्नास हजार लोक उत्तरेकडे गेले आणि मुख्यतः त्यांच्यामुळे १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत करावा लागला. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ मध्ये गुलामगिरी संपली. पुढे १८५० च्या कायद्याने अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतूनही पळालेल्या गुलामांना पकडून परत नेता येऊ लागले, तेव्हा हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे रात्रीच्या रात्री चालत ओंटारिओत पोचली. विंडसरकरांच्या जवळच्या चॅटम, बक्सटन, ड्रेस्डेन या गावांत त्यांचे वंशज आजही आहेत. १८७७ मध्ये अमेरिकेतल्या मूलनिवासींचा नेता सिटिंग बुल आपल्या लाकोटा जमातीच्या लोकांना घेऊन आजच्या सस्कॅचवानमध्ये गेला. तिथे त्याला आसरा मिळाला, अन्न मिळाले नाही. रानरेडे संपत चालले होते आणि कॅनडा सरकारने जमीन दिली नाही, तेव्हा चार वर्षांनी उपाशी माणसे घेऊन तो परत फिरला आणि शरण गेला. कॅनडाने दार उघडले की सगळे सुरळीत होते असे मानणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ येते ती व्हिएतनाम युद्धाच्या काळातली पिढी. सक्तीची सैन्यभरती टाळण्यासाठी हजारो तरुण सीमेपलीकडे गेले, त्यांच्याबरोबर त्यांच्या मैत्रिणी आणि बायकाही गेल्या. मे १९६९ मध्ये कॅनडा सरकारने जाहीर केले की सीमेवर कोणाच्या लष्करी सेवेची चौकशी होणार नाही. टोरांटोच्या बाल्डविन स्ट्रीटवर या मुलांनी दुकाने काढली आणि त्यांना खोल्या व कामे मिळवून देणाऱ्या स्थानिक मंडळींनी माहितीपुस्तिका छापल्या. १९७४ या एका वर्षात २६ हजारांहून अधिक अमेरिकन कॅनडात स्थायिक व्हायला आले. २१ जानेवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी भरती टाळणाऱ्यांना माफी दिली. परत जाण्याची मुभा मिळाल्यावरही त्यांतले पुष्कळजण परतले नाहीत, कारण तोवर त्यांची मुले कॅनडातल्या शाळेत जाऊ लागली होती.

याच्या शेजारी निवडणुकीच्या निराशेने जाणारे ठेवून पाहा. २००४ मध्ये बुश पुन्हा निवडून आल्यावर कॅनडाच्या स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर अमेरिकनांची झुंबड उडाली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री तर ते संकेतस्थळ बंदच पडले. तरीही त्यानंतरच्या वर्षांत कायम रहिवासी झालेल्या अमेरिकनांची संख्या वर्षाला दहा हजारांच्या आसपासच राहिली. ज्यांच्या पाठीशी तुरुंग किंवा बेडी होती, ते पायी चालतही गेले. ज्यांच्या पाठीशी दुःख होते पण रोजचे जगणे शाबूत होते, त्यांतल्या बहुतेकांचे पाऊल उंबऱ्यावर अडले. यात मी त्यांना दोष देत नाही, कारण राहते घर असे सहजी सुटत नाही.

कॉंकर्डचा मतदार — १४ नोव्हेंबर २०२५

माझे मत थोडे कठोर वाटेल, पण ते मनापासून मांडतो. मी याच न्यू हॅम्पशायरचा नागरिक आहे आणि नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवसापासून एकही मतदान चुकवलेले नाही. २०१६ साली आमच्या राज्याची सिनेटची जागा १,०१७ मतांनी ठरली. एवढी माणसे नाशुआच्या एका मोठ्या शाळेच्या आवारात मावतील. अशा राज्यातून आजी-आजोबांसारखी दोन जाणती माणसे निघून गेली, तर त्यांची जागा कोण भरून काढणार? आपण परदेशातून येऊन हा देश आपला मानायचा आणि इथे जन्मलेल्यांनी तो सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

विंडसरकर — १४ नोव्हेंबर २०२५

तुमची तळमळ मला समजते. एक गोष्ट मात्र नोंदवतो. परदेशी राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाला राष्ट्रीय निवडणुकांत शेवटच्या वास्तव्याच्या राज्यातून टपाली मतदान करता येते, त्यामुळे ती दोन मते न्यू हॅम्पशायरचीच राहतील. शाळेच्या समितीत, गावसभेत त्यांचा जो आवाज आहे, तो मात्र जाईल.

ह्यूस्टनची परिचारिका — १७ नोव्हेंबर २०२५

इथे सगळी चर्चा निराशेची चालली आहे, म्हणून मी एका निराळ्या प्रकारच्या जाण्याविषयी लिहिते. मी बावीस वर्षे प्रसूती विभागात काम करते. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर टेक्सासमध्ये गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. आईच्या जिवाला धोका असेल तर कायद्यात अपवाद आहे, पण धोका नेमका किती वाढला म्हणजे हात लावायचा, हे रात्री तीन वाजता पलंगापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरने ठरवायचे असते. सोळा आठवड्यांच्या एका गरोदर बाईचे पाणी गेले होते आणि बाळ वाचणार नव्हते, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते. आमच्या डॉक्टर बाई फोन कानाला लावून वकिलाच्या उत्तराची वाट पाहत होत्या आणि मी दर पंधरा मिनिटांनी त्या बाईचा ताप मोजत होते.

त्या डॉक्टर बाई यंदा उन्हाळ्यात ब्रिटिश कोलंबियाला गेल्या. त्या प्रांताने अमेरिकेतल्या डॉक्टर आणि परिचारिकांना परवाना लवकर मिळावा म्हणून नियम सोपे केले आहेत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच गर्भपाताचा फौजदारी कायदा रद्द केलेला आहे, त्यामुळे तिथे हा निर्णय रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात राहतो. जाताना त्यांनी मला एवढेच सांगितले की मला माझे काम करता यावे म्हणून मी जाते आहे. राजकारणाचा शब्दही त्यांनी काढला नाही. आमच्या विभागात त्यांची जागा अजून रिकामी आहे, आणि त्यांच्या जाण्याचा भार टेक्सासच्या बायकांवर पडला आहे, हेही मला तितकेच सलते.

मॉन्ट्रियलवासी — २४ नोव्हेंबर २०२५

गिरणगावच्या ताई, आपण एक गोष्ट विचारायची राहून गेली असे वाटते. या आजींचे माहेर मूळचे कुठले?

हे विचारण्याचे कारण असे की १८४० ते १९३० या काळात क्वेबेकमधून सुमारे नऊ लाख फ्रेंच भाषिक माणसे अमेरिकेत गेली आणि त्यांतली फार मोठी संख्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत, म्हणजे तुमच्या नाशुआ, मँचेस्टर, लोवेल या गावांत स्थिरावली. परदेशात जन्मलेल्या पहिल्याच पिढीला वंशाने नागरिकत्व मिळेल अशी अट कॅनडाच्या कायद्यात २००९ पासून होती. ओंटारिओच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. नव्या कायद्याला परवाच, २० नोव्हेंबरला, अंतिम मंजुरी मिळाली आहे. तो लागू होईल त्या तारखेपूर्वी जन्मलेल्यांना पिढ्यांची मर्यादा राहणार नाही. आजी किंवा पणजी कॅनडात जन्मलेली असेल आणि कागद जुळत असतील, तर त्या व्यक्तीला नागरिकत्व मागावे लागत नाही. ते तिचे असतेच, फक्त प्रमाणपत्र काढायचे असते. त्याचे शुल्क ७५ कॅनेडियन डॉलर आहे आणि त्यात वयाला गुण नाहीत.

गिरणगावची लेक — ३० नोव्हेंबर २०२५

मॉन्ट्रियलवासी, आपले उत्तर वाचून मी तशीच चप्पल घालून शेजारी गेले.

आजींच्या आईची आई १८९९ मध्ये क्वेबेकच्या बोस भागात जन्मली होती. आठव्या वर्षी ती आईवडिलांबरोबर मँचेस्टरला आली आणि चौदाव्या वर्षी अमॉस्केग गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभी राहिली. भरभराटीच्या काळात सतरा हजार माणसे तिथे कामाला होती आणि १९३५ च्या अखेरीस ती गिरणी बंद पडली. आजी हे सांगत असताना मला माझे आजोबा दिसू लागले. तेही साच्यावरच होते, आणि त्यांची गिरणी १९८२ च्या संपानंतर पुन्हा धड चाललीच नाही. एकोणीस वर्षे आम्ही एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहिलो, आणि आम्ही दोघी गिरणी कामगारांच्या नाती आहोत हे आम्हाला आजवर ठाऊक नव्हते.

आता अडचण नावाची आहे. घराण्याच्या फ्रेंच आडनावाचा अर्थ हिरवे रान असा होतो. गिरणीच्या हजेरीपटावर कोणीतरी त्याचे सरळ इंग्रजी भाषांतर करून टाकले आणि पुढचे सगळे कागद त्याच नावाने झाले. आपल्याकडे नाव बदलले की गॅझेटमध्ये छापून घेतात, तसे काही तेव्हा झालेच नाही. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे कसे सिद्ध करावे?

मॉन्ट्रियलवासी — १ डिसेंबर २०२५

मँचेस्टरच्या पश्चिम भागातल्या फ्रेंच चर्चमध्ये विवाहाची नोंद शोधा. तिथले पाद्री स्वतः फ्रेंच भाषिक असल्याने ते मूळ आडनाव आणि वधूच्या आईवडिलांची नावे लिहीत असत. ती नावे क्वेबेकच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशी जुळली की दुवा मिळतो. जुन्या चर्चच्या नोंदवह्या क्वेबेकच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आजोबांसाठी वेगळे सांगतो : पत्नी कॅनेडियन नागरिक ठरल्यावर ती पतीला प्रायोजित करू शकते, मात्र तिथे राहायला येण्याचा खरा इरादा दाखवावा लागतो.

गिरणगावची लेक — ११ जानेवारी २०२६

१५ डिसेंबरला कायदा लागू झाला. १९१९ सालची विवाहनोंद सापडली, तीत मूळ आडनाव आहे आणि आईवडिलांची नावे जुळतात. गेल्या मंगळवारी आम्ही अर्ज टपालात टाकला.

दार उघडण्याची शक्यता दिसल्यापासून त्यांच्या घरातले बोलणे मात्र बदलले आहे. त्यांची मुलगी बॉस्टनला फिजिओथेरपिस्ट आहे. कायद्याप्रमाणे तीही आणि तिची मुलेही नागरिक ठरतात, पण तिने येणार नाही असे स्पष्ट सांगितले. नातवंडे इथे आणि आपण तिथे, हे आजींना पेलवत नाही. आजोबा मात्र रोज संध्याकाळी फ्रेंचचा एक धडा करतात. परवा त्यांनी मला विचारले की मुंबई सोडल्यावर तुला पहिल्यांदा कधी वाटले, की आता परत जाणे नाही. मी सांगितले की तसे वाटलेला दिवस मला आठवत नाही, पण एका वर्षी गणपतीला मी घरी फोन करायचा विसरले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मॉन्ट्रियलवासी, एक विनंती आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत आपल्याला या संकेतस्थळावरच्या खरडवहीतून पाठवली आहे. शेवटच्या दोन ओळी आम्हाला लागत नाहीत. आजींना त्यात काय लिहिले आहे ते जाणून घ्यायचे आहे.

मॉन्ट्रियलवासी — १२ जानेवारी २०२६

ताई, अक्षर पुसट असले तरी वाचता आले. बापाच्या नावापुढे व्यवसाय म्हणून रोजंदारी मजूर असे लिहिले आहे. त्याखाली पाद्री लिहितात की बाप आणि बाळाची धर्ममाता यांना ही नोंद वाचून दाखवली, धर्ममातेने सही केली, आणि बापाला सही करता येत नसल्याचे त्याने सांगितले.